न कापलेलं वेब्ली

जुनं वेब्ली, म्हणजे ब्रिटिश लष्कराचं एकेकाळचं रिव्हॉल्व्हर, हातात आलं की मी आधी सिलिंडरच्या मागची फट बघतो. रंग किती उरलाय, नळीतलं रायफलिंग शाबूत आहे का, मूठ मूळची की बदललेली, हे सगळं त्यानंतर. रिव्हॉल्व्हर बंद असताना आडवं धरायचं, पलीकडे दिवा किंवा खिडकी असू द्यायची, आणि सिलिंडरचं बूड व त्यामागची पोलादी भिंत यांच्यामधून किती उजेड येतो ते बघायचं. मिलिमीटरभर असेल तर पुढची चौकशी करायची. दोनाच्या वर गेला तर ते सिलिंडर कधीतरी लेथवर चढलेलं आहे, आणि मग रिव्हॉल्व्हर कितीही देखणं असो, माझ्यापुरता विषय संपला.

अमेरिकेत ही फट बघावीच लागते. वेब्लीचं काडतूस .४५५चं (हा आकडा इंचातला), आणि त्याच्या बुडाची कड अगदी पातळ. १९४७मध्ये ब्रिटिश लष्कराने .४५५ची रिव्हॉल्व्हरं सेवेतून काढली आणि पुढच्या वीसेक वर्षांत ती पेट्या भरभरून इकडे आली. पण .४५५ची काडतुसं इथे कुणाकडे होती? मुबलक होतं ते .४५ एसीपी, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या कोल्ट पिस्तुलाचं काडतूस. त्याला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे अर्धचंद्रासारख्या पत्र्याच्या क्लिपमध्ये तीन-तीन काडतुसं अडकवून ती सिलिंडरमध्ये घालायची, असा तोडगा निघाला. आता त्या क्लिपला जागा हवी. मग व्यापाऱ्यांनी सिलिंडरचं बूड खरवडून ती जागा केली. एक नाही, दोन नाही, हजारो सिलिंडरं अशी कापली गेली. आज अमेरिकेत दिसणाऱ्या मार्क सिक्सपैकी, म्हणजे वेब्लीच्या सहाव्या मॉडेलपैकी, बरीचशी या कापलेल्यांतली असतात.

संग्राहकाच्या दृष्टीने हे नुकसान आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ही जोडी धोक्याची आहे. .४५५चं काडतूस जड, सावकाश चालणाऱ्या गोळीसाठी बनवलेलं: २६५ ग्रेनची, म्हणजे सतरा ग्रॅमची गोळी, सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपास. एसीपीचा दाब त्याच्या कितीतरी वर. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादावर तो दाब द्यायचा नसतो. एवढं लिहिलं कारण आपल्यापैकी कुणाला इथे एखादं कापलेलं वेब्ली स्वस्तात मिळालं आणि विकणारा "यात साधी फोर्टी-फाइव्ह चालतात" म्हणाला, तर कृपा करून त्याचं ऐकू नका.

तर यंदाच्या नोव्हेंबरात टल्साला मला न कापलेलं मार्क सिक्स मिळालं. १९१७चं.

टल्साचा शो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एक्स्पो स्क्वेअरच्या मैदानावर वर्षातून दोनदा वानेनमाकर आर्म्स शो भरतो, वसंतात एकदा आणि शरदात एकदा. एका छपराखाली अकरा एकर जागा आणि बेचाळीसशे टेबलं. दाराशी पाऊणशे फुटी 'गोल्डन ड्रिलर' उभा असतो, तेलविहिरीवरच्या कामगाराचा सोनेरी पुतळा, एक हात डेरिकवर टेकवलेला. आम्ही बार्टल्सव्हिलला राहतो. हायवे ७५ धरला की तासाभरात तिथे पोचता येतं. आत शिरताना कुणी स्वतःचं हत्यार आणलं असेल तर ते रिकामं आहे याची तपासणी होते आणि त्याला प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतात. भरलेलं हत्यार आत नेता येत नाही.

पुण्यातले नातेवाईक मला विचारतात की अमेरिकेत रोज गोळीबाराच्या बातम्या येतात आणि तू असल्या जत्रेला जातोस कसा. प्रश्न रास्त आहे. त्या अकरा एकरांतला मोठा भाग नव्या काळ्या रायफलींनी भरलेला असतो, आणि मी तिथून सरळ पुढे जातो. त्या वस्तूंशी माझं काही नातं नाही, आणि त्या इतक्या सहज हाती पडाव्यात हे मला पटतही नाही. इथल्या निवडणुकांत मी मत देतो ते हे धरूनच. मी जातो ते जुन्या संग्राहकांच्या ओळींकडे. तिथे काचेखाली शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं यंत्रकाम मांडलेलं असतं आणि टेबलामागे बसलेल्या माणसांना त्यातल्या प्रत्येक स्क्रूबद्दल बोलायचं असतं. माझ्या घरी जे आहे ते भिंतीत बोल्ट केलेल्या तिजोरीत आहे, आणि किल्ली माझ्याकडे असते.

या नादाचं मूळ खडकीत आहे. माझं बालपण रेंज हिल्सच्या क्वार्टर्समध्ये गेलं. माझे वडील, अण्णा, अॅम्युनिशन फॅक्टरीत एक्झामिनर होते, ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांच्या सेक्शनला. १८६९ सालची ती फॅक्टरी. आमच्या वसाहतीचा सगळा दिवस तिच्या भोंग्यावर चालायचा. अण्णांचं काम तपासणीचं. काडतुसाची केस गेजमध्ये घालायची. 'गो'मध्ये गेली पाहिजे, 'नो-गो'मध्ये जाता कामा नये. सदतीस वर्षं त्यांनी हेच केलं. घरी कधी बंदूक नव्हती, हौसही नव्हती. पण पितळेच्या वस्तूवर नख फिरवून कड कुठे बसलीय हे ओळखायचं, आणि कुठल्याही लोखंडी वस्तूवर आधी शिक्का शोधायचा, या दोन सवयी त्यांनी मला लावल्या. शिवणयंत्र असो, कुलूप असो, रेल्वेचा रूळ असो, अण्णा वाकून विचारायचे, "कुणी पास केलंय हे?"

इकडे आल्यावर क्लेअरमोरला जे. एम. डेव्हिस यांचं शस्त्रसंग्रहालय पाहिलं आणि ती जुनी सवय जागी झाली. टल्सापासून अर्ध्या तासावर आहे. डेव्हिस हॉटेलमालक होते. लहानपणी औषध प्यायला नकार देणाऱ्या या मुलाला वडिलांनी 'पिशील तर बंदूक देतो' असं आमिष दाखवलं आणि त्या एका बंदुकीपासून बारा हजारांहून अधिक हत्यारांचा संग्रह झाला. ओक्लाहोमात कुणी पाहुणे आले तर मी त्यांना तिथे नेतोच, त्यांना बंदुकांत रस असो वा नसो. तिथल्या काचांसमोर उभा राहून मी वेब्लीचे मार्क वन ते सिक्स ओळखायला शिकलो. मार्क वन १८८७चं, मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. मार्क सिक्स मे १९१५मध्ये लष्कराने स्वीकारलं. त्याची मूठ चौकोनी, नळी सहा इंची आणि पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, स्क्रूने काढता येणारी.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी त्या टेबलाशी पोचलो. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, मिसूरीहून आलेले. टेबलावर बहुतेक कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन. वेब्ली एका कोपऱ्यात, जुन्या टर्किश टॉवेलवर, म्यानाशिवाय पडलेलं. किमतीच्या चिठ्ठीवर फक्त 'इंग्लिश .४५५' एवढंच. मी विचारलं, "हात लावू का?" हे विचारल्याशिवाय कुणाच्या टेबलावरची वस्तू उचलायची नाही, आणि उचलल्यावर रिकामा चाप ओढायचा नाही. या ओळींतले लोक तुमच्याशी पुढे कसं बोलतील ते या दोन गोष्टींवर ठरतं. ते म्हणाले, "बघा ना. सावकाश बघा."

उचललं, बाहेरच्या दाराच्या उजेडाकडे धरलं. फट जेमतेम दिसत होती.

छातीत धडधडलं, पण बोललो काही नाही. हॅमरच्या बाजूला डाव्या हाताला एक खटका असतो, तो अंगठ्याने दाबला की रिव्हॉल्व्हर मधोमध मोडतं, नळी खाली झुकते आणि सिलिंडरच्या मधून तारा वर येतो. हा तारा म्हणजे काडतुसं बाहेर फेकणारा भाग. नळी पूर्ण झुकली की तो टक्कन आपल्या जागी परत बसतो. तो 'टक्' स्वच्छ होता. मग सिलिंडरचं बूड बघितलं. लेथवर कापलेल्या सिलिंडरच्या बुडावर गोल गोल रेघा दिसतात आणि कापलेला भाग बाकीच्या धातूपेक्षा वेगळा चमकतो. इथे तसलं काही नव्हतं. काळपट, एकसारखा जुना रंग, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला वर्षानुवर्षांच्या काडतुसांच्या कडांनी उठवलेली पुसट वर्तुळं. नखाने कड चाचपली. नख अडकलं नाही.

चौकटीच्या उजव्या अंगावर नंबर होता, सिलिंडरवरही तोच. डावीकडे चार ओळी: वेब्ली, मार्क सिक्स, पेटंट्स, १९१७. मुठीच्या दोन्ही पाट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या काळ्या रबराच्या, आणि त्यावरची चौकट-नक्षी उजव्या बाजूला जास्त झिजलेली. खाली दोरी बांधायची कडी. रंग नळीच्या टोकाशी आणि सिलिंडरच्या कडांना उडालेला, तिथे पोलाद राखाडी पडलेलं. म्यानात जात-येत राहिलेल्या हत्याराचा रंग नेमका तिथेच उडतो. कुणी पॉलिश मारलं असतं तर अक्षरांच्या कडा गोल झाल्या असत्या. या अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागत होत्या.

आणि मग शिक्के. हाच माझा खरा आनंद. जागोजागी इवलासा मुकुट आणि त्याच्याखाली एक अंक. बर्मिंगहॅमला विमन स्ट्रीटवरच्या वेब्ली अँड स्कॉटच्या कारखान्यात बसलेल्या सरकारी तपासनिसांचे हे शिक्के. नाव नाही, फक्त अंक. चौकटीवर एकाचा, नळीवर दुसऱ्याचा, सिलिंडरवर आणखी कुणाचा. पहिल्या महायुद्धात तिथून तीन लाखांच्या आसपास मार्क सिक्स बाहेर पडली. म्हणजे या माणसांनी दिवसभर काय केलं असेल ते मला डोळे मिटून सांगता येतं: गेज घातलं, काढलं, शिक्का मारला, पुढचं घेतलं. शस्त्रांच्या पुस्तकांत संशोधकांची, सेनापतींची आणि कारखानदारांची नावं असतात. तपासनिसाचा अंक कुणाचा होता हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून मी ते अंक माझ्या वहीत उतरवून ठेवतो.

चौकटीवर बाणाचीही खूण होती. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाचा ठसा असतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण इथे एका जागी दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर होते. त्याचा अर्थ सरकारने ही वस्तू सेवेतून काढून विकली. चोरीची नाही, हरवलेली नाही. आणि नळीवर मुकुटाखाली 'बीएनपी' अशी तीन अक्षरं: बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची, १९५४च्या नियमांनंतर वापरात आलेली खूण. ब्रिटनमध्ये खाजगी विक्रीपूर्वी हत्याराची दाबाची चाचणी सक्तीची असते, ती झाल्याचा हा दाखला.

आता जे नव्हतं त्याबद्दल. अमेरिकेत आयात करणाऱ्याने आपलं नाव हत्यारावर ठोकावं असा नियम १९६८च्या कायद्याने आला. केनेडींचा खून ज्या रायफलने झाला ती टपालाने मागवलेली होती, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांच्या वादातून हा कायदा झाला. टपालाने बंदुका घरपोच मागवणं त्यानेच बंद केलं. या वेब्लीवर आयातदाराचा ठसा कुठेच नाही. म्हणजे बहुधा ते १९५०च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६८ यांच्या दरम्यान कधीतरी समुद्र ओलांडून आलं. नेमक्या त्याच वर्षांत बाकीच्यांची सिलिंडरं कापली जात होती. हे कसं वाचलं? मला वाटतं, ज्याने घेतलं त्याने ते झाडायला घेतलंच नसावं. टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.

गृहस्थांनीही तसंच काहीसं सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांचं होतं, सासरे गेले, कपाट आवरताना निघालं. युद्धाची वगैरे काही गोष्ट त्यांनी जोडली नाही. मला हे फार आवडलं. अशा टेबलांवर दर तिसऱ्या हत्यारामागे एक वीरकथा उभी असते आणि तिचे पैसे वेगळे लागतात.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ. अण्णांचं जेवण झालं होतं, मागे टीव्ही चालू. मी कॅमेरा सिलिंडरच्या बुडावर धरला.

"जरा जवळ घे," अण्णा म्हणाले. "हलवू नकोस. हां. आता तिरपं कर." मग चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "बूड मूळचं आहे. कापायचं अवजार लागलेलं नाही त्याला."

"मलाही तसंच वाटलं."

"वाटलं म्हणजे? गेज नाहीये का तुझ्याकडे?"

होतं. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांची, पुडी मी शोला जाताना खिशात ठेवतोच. गृहस्थांची परवानगी घेऊन फटीत पाती सरकवली. एक मिलिमीटरचं पातं जेमतेम गेलं, त्याच्या पुढचं गेलं नाही. अण्णांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. "पास कर," म्हणाले. मिसूरीच्या गृहस्थांना मी त्याचं भाषांतर करून सांगितलं, तर ते उठून उभे राहिले आणि फोनकडे बघून अण्णांना त्यांनी सॅल्यूट केला. अण्णांनीही बसल्या जागी केला.

अकराशे डॉलर सांगत होते. मी नऊशेपासून सुरुवात केली. नऊशे पंचाहत्तरवर हात मिळाले. कापलेलं याच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळालं असतं, आणि माझ्या मते तेवढ्यालाही ते महागच पडलं असतं. कागदपत्रांचं काम लवकर झालं, कारण माझ्याकडे 'क्युरिओ अँड रेलिक'चा परवाना आहे. पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांच्या संग्राहकांसाठीचा हा केंद्र सरकारचा परवाना. तीन वर्षांसाठी तीस डॉलर, आणि वर एक बांधीव वही ठेवायची: कधी घेतलं, कुणाकडून, कुणी बनवलेलं, नंबर, कॅलिबर. या परवान्यावर धंदा करता येत नाही, फक्त संग्रह. विकणारे गृहस्थ परवानाधारक व्यापारीच होते. त्यांनी माझ्या परवान्याची प्रत घेतली, त्यांच्या वहीत नोंद केली, मी माझ्या वहीत केली.

परतताना त्याच ओळीच्या शेवटी एका टेबलावर .३०३ची जुनी काडतुसं सुटी ठेवली होती. सवयीने एक उलटं करून बूड बघितलं. 'केएफ'. कर्की फॅक्टरी. आमची खडकी! दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतलं होतं, माझ्या जन्माच्या आधीचं, अण्णा फॅक्टरीत लागण्याच्या कितीतरी आधीचं. टेबलवाल्याला विचारलं, "हे कुठलं माहीत आहे का?" तो म्हणाला, "इंडिया." मी म्हटलं, "माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचं." त्याने दोन डॉलरला दिलं. आता झाडण्याच्या लायकीचं नाही ते, संग्राहकच घेतात. रात्री अण्णांना फोटो पाठवला तर त्यांचा उलट प्रश्न आला की प्रायमरभोवतीच्या, म्हणजे बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीभोवतीच्या, लाखेचा रंग कुठला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो फोटो निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथे त्यावर दिवसभर चर्चा झाली म्हणे.

या वेब्लीचा आपल्या मुलखाशी संबंध जोडायचा मोह मलाही झाला, खोटं कशाला सांगू. मार्क सिक्स ज्या वर्षी आलं त्याच १९१५मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्याची पूना डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. टेसिफोनला माघार घ्यावी लागली, मग कुत गावात तिला तुर्कांचा वेढा पडला, आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ला उपाशी सैन्याने शरणागती पत्करली. किती जण पुढे कैदेत मेले याचं दुःख सातारा-रत्नागिरीच्या गावांनी सोसलं. पण त्या सैन्यातल्या साध्या शिपायाच्या हातात रायफल होती. रिव्हॉल्व्हर असायचं ते मुख्यतः अधिकाऱ्याकडे, आणि अधिकाऱ्याला ते बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. त्यांच्यासाठी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होती. मुंबईत काळा घोड्याजवळ त्या दुकानाची इमारत अजून दिमाखात उभी आहे. त्यांनी विकलेल्या वेब्लीच्या नळीवर दुकानाचं नाव कोरलेलं सापडतं. माझ्यावर ते नाही. माझं सरकारी वाटपाचं आहे, आणि ते १९१७चं, म्हणजे कुतनंतरचं. मुठीच्या मागच्या पट्टीवर दोन अक्षरं आणि एक अंक आहे, पलटणीची खूण असावी, पण इतकी झिजलेली की पहिलं अक्षर 'आर' आहे की 'के' यावर मी भिंग घेऊन अजून बसतो. जोवर ते लागत नाही तोवर हे बर्मिंगहॅमला जन्मलेलं आणि मिसूरीच्या कपाटात म्हातारं झालेलं वेब्ली आहे, त्याहून अधिक काही मी त्याच्याबद्दल बोलणार नाही.

घरी आणल्यावर मी काय केलं आणि काय केलं नाही, तेही लिहितो, कारण मागच्या लेखानंतर दोघा-तिघांनी विचारलं होतं. पॉलिश नाही, नवा रंग नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. मऊ सुती फडक्यावर हलकं तेल घेऊन एकदा पुसलं. नळीत नायलॉनचा ब्रश. स्क्रू उघडले नाहीत. वेब्लीच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात, साधा पेचकस लावला की त्या फाटतात आणि फाटलेली खाच मग जन्मभर दिसते. मुठीच्या पाट्यांना तेल लागू द्यायचं नाही, व्हल्कनाइट त्याने खराब होतं. उन्हात ठेवलं तर तेच काळं रबर तपकिरी पडतं, म्हणून तिजोरीबाहेर काढलं तरी खिडकीपाशी नाही. आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं आणि पोलादाला गंज चढतो.

झाडायचं की नाही यावर मी थोडा विचार केला. माझ्या ओळखीचा एक बंदूक-कारागीर आहे, त्याने खटक्याच्या पकडीची आणि सिलिंडरच्या जुळणीची तपासणी करून होकार दिला तेव्हाच .४५५ची नवी काडतुसं आणली. फिओची नावाची इटालियन कंपनी अजून ती बनवते. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी रेंजवर गेलो. किलोभराहून जड हत्यार, त्यामुळे धक्का हातात ठोसा मारत नाही, तळहाताला मागे ढकलल्यासारखा येतो. चाप जड आहे. हॅमर आधी अंगठ्याने मागे घेतला तर मात्र हलका लागतो. पंधरा यार्डांवर सहाही गोळ्या कागदावर लागल्या, चार एकमेकींजवळ, दोन वर-उजवीकडे. माशी त्या काळच्या गोळीसाठी घासलेली आहे, त्यामुळे तसं होणारच.

मग खटका दाबला, नळी खाली झुकवली, आणि सहाच्या सहा रिकामी पितळं एकदम बाहेर उडाली. ती गोळा करताना मी प्रत्येकाचं बूड बघत होतो. फायरिंग पिनचा ठसा सगळ्यांवर मधोमध, सारख्या खोलीचा. एक केस खिशात टाकली. अण्णांनी मागितली आहे. जानेवारीत पुण्याला जाणारे एक जण आहेत, पण रिकामी झाली तरी काडतुसाची केस विमानाच्या सामानात पाठवायची म्हणजे विमानतळावर बिचाऱ्यांच्या डोक्याला ताप, आपल्याकडच्या शस्त्रकायद्यात तर उगाच चौकशी. म्हणून त्याऐवजी मायक्रोमीटरवर मापं घेतली, कड, तोंड, लांबी, भिंतीची जाडी, आणि कागदावर आकृती काढून पाठवली. अण्णांचं उत्तर दुपारी आलं: कडेचं माप तीन ठिकाणी घे, एका ठिकाणी घेतलेलं धरत नाहीत.